दुधी काचेवरची तुंगा

१

बातमी आली त्या दिवशी मी रूबार्बचा मुरांबा करत होतो. आमच्या मागच्या अंगणात जुलैत हे आंबट देठांचं झुडूप असं माजतं की शेजारीसुद्धा घ्यायला नको म्हणतात. देठं चिरून साखरेत घातली होती, पातेलं रटरटत होतं, आणि रेडिओवर समुद्रावरच्या वाऱ्याचे अंदाज चालले होते. ग्रोआ, माझी बायको, वर पठारावर, दोन नद्यांमधल्या तुंगेत गेली होती. संध्याकाळपर्यंत घरी पोचणार होती.

फोन ब्यार्टमारचा होता. तो मेंढ्या पाळतो, आणि आमच्या भागातल्या बचाव पथकातही आहे. तुंगेत जायचं तर त्याच्याच उंच चाकांच्या गाडीतून नदी ओलांडावी लागते.

"स्टेइनी, काय करतोयस?"

"मुरांबा."

"शेगडी बंद कर."

"आत्ता बंद केली तर तो बसेल रे खाली."

"बंद कर, मित्रा. आणि तूही बस."

मी शेगडी बंद केली. बसलो नाही. तो सांगत राहिला. ग्रोआची तिपाई पूर्वेच्या नदीवरच्या कड्यावर उभी सापडली होती. तिच्यावर ग्रोआचा लहान कॅमेरा होता, हिमनदीकडे तोंड करून, झाकण काढलेला. तिपाईच्या मागे पाऊल ठेवायलासुद्धा जागा नव्हती. खाली पाणी होतं, जुलैतलं, राखेसारखं.

"मागे सरकत गेली असणार," ब्यार्टमार म्हणाला. "सगळं चौकटीत घ्यायला."

तिची ती सवयच होती. डोळ्यांसमोर दोन्ही हातांची चौकट धरायची आणि पावलापावलानं मागे सरकायचं. "अजून थोडं मागे," असं स्वतःशीच पुटपुटायची. लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर तिने माझा फोटो काढला, तेव्हाही तशीच सरकत जाऊन फुलांच्या वाफ्यात बसली होती.

ती सापडली नाही. आमच्या नद्या वाळूनं भरलेल्या असतात; घेतलेलं परत देत नाहीत. मुरांबा मी दुसऱ्या दिवशी बाटल्यांत भरला. दुसरं काय करणार होतो?

२

पुढच्या उन्हाळ्यात हेर्दिस घरी आली. भूरक्षण संस्थेची ती अध्यक्ष. वयानं माझ्या आईएवढी, आणि बोलायला लागली की समोरच्याला कुत्र्यासारखं बसवते. कोट न काढताच ती स्वयंपाकघरात येऊन बसली.

"समिती महिनाअखेरीस बसतेय," ती म्हणाली. "मागच्या वर्षीचं तिने जाण्याआधी काढून ठेवलं होतं. या वर्षीचं चित्र हवं."

"मग पाठव कोणाला तरी."

"कोणाला? उडते कॅमेरे घेऊन फिरणारी पोरं ढीगभर आहेत. ती लाकडी पेटी कोण चालवणार? इतकी वर्षं तिची तिपाई तू वाहिलीस."

"तिपाई वाहणं म्हणजे चित्र काढणं नव्हे, हेर्दिस."

"गाढवानंच सामान वाहिलं ना? मग रस्ता गाढवालाच माहीत."

ती हसली नाही. मीही नाही. पण पुष्कळ दिवसांत माझ्याशी कोणी असं नीट, न सांभाळता बोललं नव्हतं, आणि ते मला बरं वाटलं.

दोन नद्यांच्या बेचक्यात जी जमीन उरते, तिला आमच्याकडे तुंगा म्हणतात. ही तुंगा हिमनदीच्या तोंडाशी आहे. शेवाळानं झाकलेला लाव्हा, धबधबे, आणि मागे बर्फाची भिंत. तिथं धरण बांधायचा घाट फार वर्षांपासून चालला होता. ग्रोआ विशीत असताना संस्थेनं एक काम सुरू केलं. दर जुलैत, त्याच जागेवरून, त्याच लाकडी कॅमेऱ्यानं, तीच चौकट. या जमिनीला अजून माणसाचा हात लागलेला नाही, आणि बर्फ किती मागे हटतंय, हे दोन्ही त्या चित्रांवरून दिसायला हवं होतं. धरणाचा निर्णय करणाऱ्या समितीला सलग मालिका हवी. एक वर्ष गळालं की धरणवाल्यांचा वकील पुढचं सगळं मोडीत काढणार.

नियम कडक होते. चौकटीत माणूस नको, माणसाची वस्तू नको. नंतर काही पुसायचं नाही. निगेटिव्ह आहे तसं द्यायचं. त्यामुळे कधी लांबवर एखादा भटक्या दिसला, तर तो निघून जाईपर्यंत थांबणं एवढाच उपाय होता. थांबण्यात ग्रोआचा हात कोणी धरला नसता. गरम कॉफीचा पेला मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "जाईल, जाईल. माणूस जातोच."

"तिचं आयुष्य गेलं त्या चित्रांत," हेर्दिस उठताना म्हणाली. "शेवटचं एक राहिलंय. ते चुकलं तर तुंगा पाण्याखाली जाईल, आणि तिची सगळी वर्षंही. एवढंच सांगायला आले होते."

मी जातो म्हणालो.

३

नदी सकाळी ओलांडावी लागते. दिवसभर ऊन लागून बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी चढतं. ब्यार्टमारनं गाडी पाण्यात घातली तेव्हा बॉनेटवरून करडं पाणी वाहत होतं आणि तो शीळ घालत होता.

"पोहायला येतं ना तुला?"

"इथं पोहून काय होणार?"

"काही नाही. पण मग बायकोला सांगायला बरं पडतं, प्रयत्न केला म्हणून." लगेच त्याच्या ध्यानात आलं. शीळ थांबली. "माफ कर. तोंड आहे की भोक."

"असू दे रे."

पलीकडे पोचल्यावर त्याने माझं सामान खोपीत आणून दिलं. सुका मासा, लोणी, राय धान्याची भाकरी, कॉफी. बिनतारी यंत्र माझ्या हातात ठेवलं.

"उद्या सकाळी येतो. पाणी चढलं तर परवा."

"आणि परवाही चढलं तर?"

"तर मासा खा आणि मला शिव्या घाल. कुठं जाणार आहेस?"

तो म्हणाला ते खरंच होतं. तुंगेच्या दोन्ही बाजूंना नद्या, समोर बर्फ, आणि मागे त्या दोन नद्या एकमेकींना मिळतात ते टोक. गाडी पलीकडे चढून दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा होतो.

शरदात मेंढ्या गोळा करणारे लोक उतरायचे, ती ही खोपी. भिंती गवताळ मातीच्या, हातभर जाड. वर पत्रा. एकच खोली, एक दार, एक खिडकी. चित्र त्या खिडकीतून काढायचं असतं, कारण उघड्यावर वाळूचा वारा भिंगाला खातो. आमच्या निर्मनुष्य प्रदेशाचं चित्र आम्ही इतकी वर्षं एका घराच्या आत उभं राहून काढत होतो, यावर ग्रोआ नेहमी हसायची.

जमिनीत लोखंडी वाट्या बसवल्या आहेत. तिपाईचे पाय त्यांत ठेवायचे. खिडकीची काच काढून बाजूला ठेवायची. कॅमेरा चढवला की भिंगाचं तोंड बरोबर हिमनदीकडे होतं. मागच्या बाजूला दुधी काच असते. डोक्यावर काळं कापड घेऊन आत शिरलं की बाहेरचं दृश्य त्या काचेवर उलटं उमटलेलं दिसतं, आकाश खाली आणि जमीन वर. काचेवर एक पारदर्शक कागद लावायचा, ज्यावर पहिल्या वर्षीच्या चित्राच्या रेघा पेन्सिलीनं काढलेल्या आहेत. जवळचा दगड आणि मागचं शिखर त्या रेघांवर जुळलं म्हणजे चौकट तीच. बर्फाच्या कडेची रेघ मात्र दर वर्षीची वेगळी, एकीमागे एक. कागदावर ग्रोआच्या बारीक अक्षरात सालं लिहिलेली होती.

मी कापडाखाली शिरलो. आत तिच्या केसांचा वास होता. 

४

त्या दिवशी ढग बर्फावर बसले होते. मी नुसती चौकट जुळवून ठेवली. दगड जुळला, शिखर ढगात होतं. मग काचेवर मला तो ठिपका दिसला.

नारिंगी, तांदळाच्या दाण्याएवढा. बर्फाच्या पायथ्याशी, पाण्याच्या अलीकडे. भटक्या असणार असं वाटून मी कापडातून डोकं काढलं आणि खिडकीतून पाहिलं. समोर करडी वाळू, काळा लाव्हा आणि पिवळट शेवाळ एवढंच होतं. दुर्बीण लावली. कोणी नव्हतं.

परत कापडाखाली गेलो. ठिपका होता.

काचेवर काही चिकटलं असेल. मी रुमालानं पुसलं. कागद काढून परत लावला. भिंग पुसलं. जुन्या कॅमेऱ्याच्या, भिंग आणि काच यांच्यामधल्या घड्यांच्या भात्याला कुठं बारीक भोक पडलं की उजेडाचा डाग येतो, हे मला माहीत होतं; बोट फिरवून सगळा भाता चाचपला. शाबूत होता. कॅमेऱ्याला हळूच धक्का दिला. डाग असता तर काचेवर जागच्या जागी राहिला असता. पण तो दृश्याबरोबर हलला आणि दृश्याबरोबर परत आला.

मी कॉफी केली. पत्र्यावर वारा खरवडत होता. दोन्ही नद्यांचा आवाज तिथं सतत असतो, डावीकडून जरा जाड, उजवीकडून बारीक. थोड्या वेळानं तो ऐकू येईनासा होतो. मी माझ्याच मनाशी बोललो, रीतसर, शाळेत मुलांना समजावतात तसं. तू दमला आहेस. ही जागा तुला ठाऊक आहे आणि इथं काय झालं तेही ठाऊक आहे. डोळा जे शोधतो ते त्याला सापडतं.

हे पटण्याजोगं होतं. कॉफी संपवून मी परत कापडाखाली गेलो.

ठिपका आता दाण्याएवढा नव्हता. नखाएवढा होता. उलट्या काचेवर जवळच्या गोष्टी वरच्या कडेकडे असतात; तो वर सरकला होता. त्याला पाय होते, वर. आणि खाली लोंबणारं डोकं. पाठ माझ्याकडे होती. पाठीवर एक वेणी.

५

संध्याकाळी ऊबदार वारा सुटला आणि बर्फावर पाऊस पडायला लागला. आमच्याकडे यापेक्षा वाईट काही नाही. यंत्रावर ब्यार्टमारचा आवाज फुटत फुटत आला.

"पाणी बघितलंस?"

"ऐकलं."

"उद्याचं विसर. पूल असता तर तोही विसरावा लागला असता. खायला आहे ना?"

"आहे."

"बरा आहेस ना? आवाज कसा तरी येतोय तुझा."

"ब्यार्टमार, वर कोणी भटके आहेत का रे? नारिंगी कोटवाले?"



"रस्ता बंद आहे, स्टेइनी. तुझ्याशिवाय तिथं कोणी नाही." मग म्हणाला, "माझी बायको म्हणतेय, रात्री यंत्र चालू ठेव. उगाच बोलावंसं वाटलं तर."

ग्रोआचा कोट नारिंगी होता, हे त्यालाही माहीत होतं. बचाव पथकानं तोच रंग शोधत नदीचा काठ पालथा घातला होता.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला. मी ठरवलं, जे काही आहे त्याचा नीट छडा लावायचा. कापडाखाली जाऊन आकृतीची जागा हेरली: ती आता तुटक्या लाव्ह्याच्या दगडापाशी होती, अर्ध्या वाटेवर. दोन्ही हात चेहऱ्यासमोर उचललेले. मी चालत तिथं गेलो. शेवाळावर पाऊल पडलं की खूण वर्षानुवर्षं राहते. तिथं खूण नव्हती. मी आजूबाजूला हात फिरवला, अगदी आंधळ्यासारखा. हवा तेवढ्या जागेपुरती गार होती असं मला वाटलं, पण बर्फावरून वारा येत होता, तेव्हा त्याला काही अर्थ नव्हता. माझी लाल लोकरी टोपी दगडावर ठेवून मी परत आलो.

काचेवर टोपी बरोबर दिसत होती. लाल, उलटी. आकृती तिच्या अलीकडे होती, खोपीच्या बाजूला. म्हणजे मी परत येत असताना ती माझ्या मागे होती, आणि माझ्याच दिशेनं येत होती. पाठमोरी.

टोपी आणायला मी गेलो, कारण माणसाची वस्तू चौकटीत चालत नाही. जातायेताना मी मान वळवली नाही. धावलो असेन. खोपीचं दार लावून मी कडी घातली.

६

दुपारी ढग उचलले. असं तिथं होतं: सगळं एका क्षणी उघडतं. बर्फाचा कडा निळसर चमकला, शिखर मोकळं झालं, धबधबे पांढऱ्या दोऱ्यांसारखे लोंबू लागले. हीच वेळ. ग्रोआ अशा वेळी श्वासही हळू घ्यायची. पश्चिमेकडून पुढच्या ढगांची रांग निघालेली मला दिसत होती.

मी कापडाखाली शिरलो. ती आता इतक्या जवळ होती की कोटाच्या टोपीला केलेली शिवण दिसत होती. ती शिवण मीच घातली होती, चुकीच्या रंगाच्या दोऱ्यानं. वेणी ओली होती. ती मागे सरकत होती असं काचेवर कधी दिसलं नाही. मी कापडाबाहेर असतानाच ती सरकायची.

थांबायचं, एवढंच मला शिकवलेलं होतं. मी थांबलो. माणूस जातोच, असं मनात म्हणत राहिलो. डोकं बाहेर काढायचं धैर्य होईना, कारण काढलं की ती आणखी जवळ आली असती. कापडाखाली माझ्याच श्वासानं काच धुरकट होत होती आणि मी ती बाहीनं पुसत होतो.

बाहेर उजेड कमी व्हायला लागला होता. ढगांची सावली काचेच्या एका बाजूनं आत आली. हेर्दिसचं वाक्य आठवलं: तिची सगळी वर्षंही. आणि मी, वर्षभरात पहिल्यांदाच, तिच्याशी बोललो. खिडकीजवळ आलेल्या भटक्यांना हाक मारून हटवायचो, त्याच आवाजात.

"ग्रोआ, बाजूला हो गं जरा."

ती वळली नाही. पण चेहऱ्यासमोरचे तिचे हात खाली आले, हळूहळू, काही लक्षात आल्यासारखे.

मी कापडाबाहेर आलो. खिडकीत कोणी नव्हतं. स्वच्छ, रिकामी तुंगा होती, जशी हवी तशी. फिल्मचा कप्पा मागच्या बाजूनं सरकवला. कप्पा घातला की काचेवरचं काही दिसत नाही. त्यानंतर आंधळेपणानंच दाबायचं असतं. फिल्म झाकणारी पडदी ओढली. तार दाबली. शटरचा तो लहानसा, लाकडी टक आवाज झाला. पडदी परत लावली. मग ऊन गेलं आणि समोरचं सगळं राखेच्या रंगाचं झालं.

काम झालं होतं. डोळ्यांना दिसत होतं तेच भिंगानं पाहिलं असेल, असं मला वाटलं. काचेवरही भिंगानं पाहिलेलंच दिसत होतं, हे जरा नंतर ध्यानात आलं.

७

वारा वाढला तशी वाळू आत यायला लागली. मी खिडकीची काच बसवली, आणि तिच्यावर वादळासाठी ठेवलेली लाकडी फळी आतून अडकवली. खोलीत फक्त दाराच्या फटीतून येणारी उजेडाची एक रेघ उरली. फिल्मचा कप्पा पिशवीत ठेवला. कॅमेरा मिटायच्या आधी काचेवरचा कागद काढून घ्यावा म्हणून मी कापड उचललं.

खिडकी बंद होती. भिंगासमोर बोटभर अंतरावर फळी होती. दुधी काच काळी असायला हवी होती.

ती उजळ होती. तिच्यावर उन्हातली तुंगा होती.

मी कापड पूर्ण डोक्यावर घेतलं. का घेतलं, ते मला सांगता येणार नाही. ती खिडकीशी होती. काचेचा मधला सगळा भाग तिच्या पाठीनं भरला होता, खांदे, ओले केस, कानामागची ती पांढरी जागा. मी तिच्याकडेच पाहत राहिलो असतो. पण मग कागदावरच्या पेन्सिलीच्या रेघा दिसल्या, आणि इतका वेळ जे पाहायला हवं होतं ते मी पहिल्यांदा पाहिलं.

बर्फाची कड या वर्षीच्या जागी नव्हती. मागच्या वर्षीच्या रेघेवरही नव्हती. ती एकेक साल ओलांडून पहिल्या रेघेपर्यंत आली होती, आणि तिच्याही अलीकडे. धबधबे नव्हते. तुटका लाव्हा नव्हता. काचेवर ग्रोआच्या दोन्ही बाजूंनी पांढरं वाढत माझ्याकडे येत होतं, आणि तिला मागे सरकायला जागा उरली नव्हती. ती काही चौकटीत घ्यायला मागे सरकत नव्हती; त्या पांढऱ्यापासून हटत होती.

नद्यांचा आवाज थांबलेला होता. केव्हा थांबला, मला कळलं नव्हतं. त्याजागी पत्र्यावर, भिंतींवर, सगळीकडून काहीतरी टेकत असल्यासारखा कुरकुर आवाज होता. कापड माझ्या तोंडाशी आत ओढलं गेलं आणि बाहेर आलं, पुन्हा आत ओढलं गेलं. मी श्वास रोखून धरला होता.

"अजून थोडं मागे," ती म्हणाली.

स्वतःशी पुटपुटायची तसं नाही. मला.

मी मागे सरकलो. कापड डोक्यावरच होतं. एक पाऊल, मग आणखी एक. पाठीला भिंत लागली. मातीची, ओली, हातभर जाड. तिच्या मागे जायला काही नव्हतं. कापडापलीकडून गारठा चेहऱ्याला भिडला, आणि माझ्या छातीवर एक पाठ येऊन टेकली.

८

दुसऱ्या सकाळी ब्यार्टमारला मी तसाच सापडलो, भिंतीला लागून उभा, डोक्यावर कापड.

"हे काय, भूत बनून घाबरवतोस होय मला?" तो दारातून म्हणाला. मग त्याने कापड काढलं, आणि हसणं थांबवलं. माझा हात स्वतःच्या हातांत घेऊन चोळत राहिला. ओठांना ओठ लागत नव्हते माझे. "जुलै आहे रे," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "जुलै आहे."

बाहेर ऊन होतं. पाणी उतरलं होतं. बर्फ जिथं असायचं तिथं लांब, मागे होतं. सामान आवरताना ब्यार्टमार कॅमेऱ्यापाशी थबकला.

"हा तुझ्याकडे का वळवलास?"

तिपाईचे पाय वाट्यांमध्येच होते. भिंगाचं तोंड मात्र खोलीच्या आत होतं, मी उभा होतो त्या भिंतीकडे.

"माहीत नाही," मी म्हणालो.  नदी ओलांडताना त्याने शीळ घातली नाही.

घरी आल्यापासून हेर्दिसचे फोन येतात. काल तिने आवाज चढवला. आज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं.

"समिती उद्या बसतेय, स्टेइनी. काढलंस ना चित्र?"

"काढलं."

"चांगलं आलंय?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"  मग तिचा आवाज एकदम म्हातारा झाला. "हे बघ, राजा. चित्र रिकामं आहे ना, एवढंच सांग मला."

मी फोन ठेवला. चित्र रिकामं असेल तर तुंगा वाचेल, आणि त्या खोलीत माझ्याबरोबर कोणीच नव्हतं असं होईल. रिकामं नसेल तर धरण होईल, आणि जगात तिचा तेवढा एक फोटो असेल, पाठमोरा, हात खाली सोडलेला. मग दोन्ही नद्या तिथं भरतील आणि तीही परत पाण्याखाली जाईल. आणखी एक शक्यता आहे. निगेटिव्ह नुसतं काळं भरून आलेलं असेल, कडेपासून कडेपर्यंत, आणि छापल्यावर सगळा कागद पांढरा येईल. त्या शक्यतेबद्दल मी विचार करायचं टाळतो.

रसायनं तयार आहेत. पाणी योग्य तेवढं कोमट केलं होतं. ते गार झालं, परत केलं, परत गार झालं. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावलेला आहे. ग्रोआ तिथंच काम करायची, दाराला आतून कडी लावून, आणि मी बाहेरून जेवायला हाका मारायचो. आत काळोख करून बसायचं, फिल्म हातात घ्यायची, आणि दार लावायचं. मी दारापर्यंत जातो. खोली लहान आहे. मागे सरकायला तिथं जागा नाही.

फिल्म मी अजून धुतलेली नाही.